पट्टीचा विणकर

तात्या,

काल तुमचं दहावं झालं. पाहुणे संध्याकाळीच गेले. आज सकाळी उठून मी सवयीनं चुलीवर पाणी उकळायला ठेवलं आणि तुमच्या खाटेपाशी आले. तुम्हांला कुशीवर वळवायचं, पाठीची पट्टी सोडायची, जखम धुवायची, हे हातांना इतकं पाठ झालंय, की खाट उभी करून भिंतीला टेकवलेली दिसली तेव्हाच मी थांबले. आत पाणी खळखळत होतं. ते कुणासाठी ठेवलंय, हे मलाच कळेना.

तुमच्यासमोर मी कधी एवढं सलग बोलले नाही. सासऱ्यासमोर सुनेनं काय बोलायचं असतं? आपण बोललो ते सुताबद्दल, कापडाबद्दल, आणि भांडलो तेही त्यावरूनच. दुसऱ्या कशावरून भांडायची या घरात सोयच नव्हती.

तुमचा मुलगा लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मुंबईला गिरणीत गेला. दिवाळीला येतो म्हणाला होता. पहिल्या दिवाळीला आपण दोघांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवाळीला वाट पाहतोय हे एकमेकांपासून लपवलं. त्यानं तिकडं दुसरं बिऱ्हाड केल्याचं पुढं इंदापुरात आपल्या साळी आळीत सगळ्यांना कळलं. आपल्यालाही कळलं. पण तो विषय तुम्ही घरात आणला नाहीत आणि मीही आणला नाही.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आपण दोघंच. कपाळाला कुंकू होतं म्हणून मला विधवा म्हणता येत नव्हतं, आणि हळदीकुंकवाला बोलवायचं तर बायका एकमेकींची तोंडं बघायच्या. तुम्ही सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचात, मी उंबऱ्यापाशी बाण्याच्या सुताच्या कांड्या भरत बसायची. तुम्हांला खड्ड्यातून बाहेर येता येत नव्हतं आणि मला उंबऱ्यातून. दिवसभर मागातून इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याचा खटखट आवाज. त्याचा मला राग यायचा, तात्या. तो थांबला की भीती वाटायची.

गावातल्या दवाखान्यात जखमा बांधायला बाई पाहिजे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगून पाठवलं, तेव्हा आळीतली माणसं तुम्हांला समजवायला आली. तरणी सून, नवरा परगावी, तिला बाहेर कशाला पाठवता? तुम्ही धोटा खाली न ठेवताच म्हणालात, "सातवी शिकल्याली पोर हाय. घरात ठिवून तिला काय मागाला जुंपू?" मी आत चुलीपाशी होते. मी ते ऐकलं, हे तुम्हांला माहीत होतं का?

पाटाच्या पाण्यावर ऊस वाढला तशा दवाखान्यातल्या जखमाही वाढल्या. नडगीवर कोयता लागलेला, चरकात बोट गेलेलं, काहिलीतल्या रसानं पोळलेलं. पट्टीचं कापड बारामतीहून यायचं, ते कधी यायचं, कधी नाही. संपलं की आम्ही जुनी धोतरं फाडून उकळून घ्यायचो. एकदा मी घरी येऊन सहज म्हणाले, की जखमेपेक्षा चिंधीच जास्त घाण असते.  दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "ती पट्टी कशी असती? एक तुकडा आन."

मी आणलेला तुकडा तुम्ही उजेडात धरलात आणि हसलात. "ह्ये कापड हाय व्हय? ह्ये तर जाळं हाय." ज्या माणसाच्या लुगड्याच्या विणीतून पाणी गळत नाही म्हणायचे, त्यानं असलं विरळ विणायचं म्हणजे तोंडात मारून घेण्यासारखंच. पण गिरणीच्या लुगड्यांपुढं आपली लुगडी कुणी विचारीना, आणि रिकामा माग तुम्हांला बघवत नव्हता. तुम्ही विणलंत. दवाखान्यात डॉक्टरांनी तो तुकडा पाण्यात टाकला, तर तो वरच तरंगत राहिला. जखमेचं पाणी शोषणार कसा? तुम्ही रागानं लाल झाला होता. मग मी तो धुण्याचा सोडा घालून बराच वेळ उकळला. सुतातलं तेलकट सगळं आणि ताठपणासाठी तुम्ही लावलेली खळही निघून गेली. पाण्यात टाकला तर दगडासारखा बुडाला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. या घरात मी आल्यापासून तुम्ही मनापासून हसलात, ते पहिल्यांदा त्या वेळी.

आळीत चेष्टा सुरू झाली. "तात्या आता खरे पट्टीचे विणकर झाले." कुणी म्हणे, "तात्या, त्यात मासं घावत्यात का?" तुम्ही चेष्टा गिळलीत, पण मासे काही डोक्यातून जाईनात. भीमेच्या काठी तुमचा एक भोई मित्र होता. त्याची जाळी वर्षानुवर्षं पाण्यात राहून कुजत कशी नाहीत, हे विचारायला तुम्ही पायी गेलात. परत आलात ते हात तपकिरी करून. ते लोक बाभळीच्या सालीच्या काढ्यात जाळी उकळतात, हे तुम्ही मला अशा थाटात सांगितलंत, की जसं काही ते आजवर कुणाला माहीतच नव्हतं.

"सूनबाई, जखम कुजती म्हंजी काय हुतं? जाळं कुजतं तेच की. मग सूतच असं केलं, की त्याला कुजणं लागंना, तर?"

तेव्हापासून आपलं घर घर राहिलं नाही. बाभळीची साल, हिरडा, कडुनिंबाचा पाला, बागायतदारांच्या मळ्यातून मागून आणलेल्या डाळिंबाच्या साली. सगळं अंगणात उकळत असायचं. नुसत्या काढ्यात बुडवलं तर पहिल्या धुण्यात उतरायचं. पण रंग पक्का करायला तुरटी लागते, हे तुमच्या जातीच्या धंद्यातलं ज्ञान. रंग धरतो तर औषधही धरेल, असं तुमचं म्हणणं. पहिल्या खेपेला तुरटी इतकी झाली, की तुम्ही मागाच्या पायाखालच्या पावडीला घासून सोललेल्या स्वतःच्या नडगीवर पट्टी बांधलीत आणि ओरडून अंगणभर नाचलात. शेजारीण धावत आली. तुम्ही तिला म्हणालात, "काय न्हाय, इंचू चावला." मी आत पदर तोंडात कोंबून हसत होते.

मग वाट्या मांडल्यात. भाताच्या पेजेत एकेक तुकडा भिजवायचा, वर झाकण ठेवायचं, आणि कोणता आधी आंबतो ते बघायचं. तपकीर ओढून ओढून तुमचं नाक गेलेलं. "तुजं नाक दवाखान्याचं हाय, तूच हुंग." वैशाखातल्या त्या वासानं मला जेवण जात नसे, पण मी हुंगायची. साधा तुकडा लवकर बुळबुळीत व्हायचा. डाळिंबाच्या सालीतला टिकायचा. तुमचा चेहरा तेव्हा बघवत नसे, इतकी आशा त्यात असायची. मला त्या आशेची धास्ती वाटे. या घरात आशेचं काय होतं, ते आपण दोघांनी पाहिलं होतं.

आणि मग मी तो तुकडा उकळला. दवाखान्याचा नियमच तो, उकळल्याशिवाय जखमेला काही लावायचं नाही. पाणी पिवळं झालं. निम्मा रंग उतरला, आणि पेजेत टाकल्यावर तो तुकडाही साध्यासारखाच आंबला.

"तू औषध उकळून फेकलंस," तुम्ही म्हणालात.

"न उकळता बांधू कसं, तात्या?"

"रंगवताना उकळलंच की मी."

"आणि वाळत कुठं घातलंत? अंगणात. त्याच्यावरून कोंबड्या फिरल्या."

त्या दिवशी तुम्ही माझ्या हातचं जेवला नाहीत. मी तुमचं ताट झाकून ठेवलं आणि मीही जेवले नाही. संध्याकाळी तुम्ही उठून अंगणात चार काठ्या रोवल्यात, वरून धुतलेलं धोतर बांधलंत, आणि त्या आडोशाला सूत वाळत घातलंत.  भांडण मिटलं नाही, फक्त थोडं बाजूला सरकलं. डॉक्टरांचं वेगळंच. त्यांना तुमचं कापड आवडलं होतं, पण ते म्हणत, "तात्या, पिवळ्या पट्टीवर मला पू दिसणार कसा? जखमेला लागून पांढरी ठेवू, तुमची तिच्यावर." तुम्ही म्हणालात, "म्हंजी राखणदार घराभायेर." पण त्यांचं चुकलं, असं तुम्हांलाही म्हणता आलं नाही.

हौसा आली ती याच दिवसांत. सणसरकडची, अंगावर पिणारं लेकरू, गुऱ्हाळावर चरकात ऊस घालताना उजवा हात आत गेलेला. तिचा नवरा तिला बैलगाडीत घालून घेऊन आला तोवर हात सुजून भोपळा झाला होता आणि वास सुटला होता. डॉक्टरांनी सांगितलं, पुण्याला नेऊन हात काढावा लागेल. नवरा दारातच बसून म्हणाला, "हातच न्हाय ऱ्हायला तर ती करंल काय? मला दुसरी बघावी लागंल." हे तिच्यासमोर. ती रडली नाही. तिनं डाव्या हातानं लेकरू पदराखाली घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, ह्यो हात जाऊ देऊ नका. हात गेला की मी गेले."

मी घरी येऊन तुम्हांला ते सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला. कुणावर चढला, ते आपल्या दोघांनाही कळलं. तुम्ही मागावरून उठलात, आडोशातलं सगळं कापड काढलंत आणि माझ्या ओच्यात टाकलंत.

डॉक्टरांनी बारामतीहून पेनिसिलिन मागवून घेतलं. तुमची पट्टी त्यांनी जखमेला लागूनच बांधू दिली, कारण पांढरी संपत आली होती. मी रोज पट्टी सोडायची, जखम धुवायची, पुन्हा बांधायची. हौसा दवाखान्याच्या ओसरीत राहिली. नवरा गेला तो फिरकला नाही. तुम्ही रोज संध्याकाळी दाराशी उभे राहून एवढंच विचारायचात, "वास?" मी म्हणायची, "कमी." एके दिवशी मी म्हणाले, "नाही," आणि तुम्ही खाली बसलात.

दोन बोटं गेली. हात राहिला. मग पुन्हा आपलं सुरू झालं. तुम्ही म्हणालात सुतानं, डॉक्टर म्हणाले इंजेक्शननं, मी म्हणाले रोजच्या स्वच्छतेनं. हौसा ऐकत होती. ती म्हणाली, "हात माजा. दुकत असताना बी मी बोटं हालवत ऱ्हायले. मला कुणी इचारलं का?"  ती लेकराला घेऊन माहेरी गेली, नवऱ्याकडं नाही. तिला पोचवायला मी वेशीपर्यंत गेले. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. मला तिच्यासाठी आनंद वाटला आणि तिचा हेवाही वाटला, तात्या. हेवा जास्त.

तुम्हांला वाटलं, आता हे कापड बारामतीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवावं. आपण यष्टीनं गेलो. तुम्ही धुवट सदरा घातला होता, कापडाची घडी माझ्या मांडीवर. त्यांनी सगळं नीट ऐकलं. आपल्याला बसायला खुर्च्या दिल्या. मग विचारलं, "तात्या, प्रत्येक खेपेला सारखंच उतरतं का हे?"

तुम्ही खोटं बोलू शकला असता. तुम्ही म्हणालात, "न्हाय. साल जशी असंल, पानी जसं असंल, तसं."

"मग मी ते रोग्याला कोणत्या भरवशावर बांधू? हे पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायला हवं. सुतात किती औषध उतरतं, किती टिकतं, ते मोजायला हवं."

त्यांचं बरोबर होतं. ते तुम्हांलाही पटलं, म्हणूनच तुम्ही इतके थकलात. भांडायला जागाच नव्हती. बाहेर आल्यावर यष्टीच्या थांब्याकडं न जाता तुम्ही स्टेशनाकडं चालू लागलात. मी मागून. तिथं दौंडची छोटी गाडी उभी होती, इंजिनातून वाफ सुटत होती. माझं माहेर दौंडच्या पुढं, हे तुम्हांला माहीत होतं. तुम्ही गाडीकडं बघत म्हणालात, "कुसुम, जातीस का? टिकिट काढतो."

तोवर तुम्ही मला नावानं हाक मारली नव्हती. सूनबाई, नाहीतर अगं. मी तुमच्याकडं बघत राहिले. काय विचारत होतात तुम्ही? माहेराला चार दिवस जाऊन ये, असं? की कायमची जा, माझ्या मुलानं तुझी जी माती केली ती इथंच सोडून जा, असं? की मीच तुम्हांला जड झाले होते? यातलं एक जरी नीट कळलं असतं तरी मी काही बोलले असते. माहेरी भाऊ होता, भावजय होती, त्यांच्याही दारात मी उंबऱ्यापाशीच बसले असते. आणि तुम्हांला भाकरी कोण घालणार होतं, आणि उद्या दवाखान्यात पट्ट्या कोण उकळणार होतं? हे सगळं मनात मोजेपर्यंत गार्डानं शिट्टी मारली. गाडी हलली. तुम्ही आणखी थोडं थांबलात, मग म्हणालात, "चल, यष्टी जायाची."

परत येताना तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसला होता. तो प्रश्न तुम्ही पुन्हा काढला नाहीत. मी रोज वाट पाहिली, तात्या. ताट वाढताना, कांड्या भरताना. तुम्ही पुन्हा एकदा विचारलं असतं तर. तुम्हीही बहुधा माझ्या तोंडाकडं बघत होता, की ही आता तरी बोलेल.

मग तुमच्या अंगावरून वारं गेलं. मागावर बसलेले असतानाच. आळीतल्या माणसांनी तुम्हांला खड्ड्यातून उचलून काढलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता विचारणारा आणि सांगणारी, दोघंही मुकी.

खरं सांगते, त्या दिवसांत मी तुमचा दुस्वास केला. दवाखाना, घर, तुमचं हगणं-मुतणं, पुन्हा दवाखाना. दुपारी दारात उभी राहिले तर मागून तुमचं घशातलं घरघरणं यायचं आणि मी वळायची. आणि मी कुशीवर वळवायला आले की तुम्ही शरमेनं डोळे मिटून घ्यायचात, तेव्हा मला माझीच लाज वाटायची. आपण दोघंही एकाच खाटेला बांधलेले. तुम्ही वर आणि मी बाजूला.

पडून पडून तुमची पाठ फुटली. डॉक्टर म्हणाले, अशा जखमा भरत नाहीत, सडू नयेत एवढंच बघायचं. तुमचं पिवळं कापड थोडंच उरलं होतं. मी ते हातात घेऊन चुलीकडं निघाले आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तोंड मुकं, पण डोळ्यांत तेच जुनं भांडण. औषध उकळून फेकू नकोस. मी तिथंच उभी राहिले. उकळावं तर तुमचं मोडतं, न उकळावं तर माझं. मग मला अळूवड्यांचं सुचलं. पातेल्यात पाणी ठेवलं, वर चाळणी, चाळणीत तुमच्या कापडाच्या घड्या, वरून घट्ट झाकण आणि त्याच्यावर वरवंटा. बऱ्याच वेळानं झाकण काढलं. कापड हाताला पोळत होतं आणि खालचं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं.

मी पातेलं तसंच उचलून तुमच्याकडं आणलं. "तात्या, बघा. रंग उतरला नाही. वाफेनं उतरत नाही!"

तुम्ही पातेल्यात बघितलंत. तोंडाची डावी बाजू हलली. काहीतरी म्हणायचं होतं तुम्हांला. तीनदा-चारदा प्रयत्न केलात, नुसता आवाज आला. मग डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवलात. तुम्ही काय म्हणत होतात, ते मला कधीच कळणार नाही. शाबास म्हणत होतात, की "आदी का न्हाय सुचलं?" मला दुसरं वाटतं. तुम्ही तसेच होता.

तुमची पाठ भरली नाही. पण शेवटपर्यंत तिला वास आला नाही. सुतानं की वाफेनं, ते आता कोण ठरवणार? तुम्ही गेल्यावर, तुम्हांला झाकायच्या आधी, डॉक्टरांनी एकदा पट्टी सोडून बघितली आणि पुन्हा स्वतःच्या हातानं नीट बांधली.

अग्नी तुमच्या पुतण्यानं दिला. तुमचा मुलगा दहाव्याला आला. जाडा झालाय. पाहुणे गेल्यावर तो ओट्यावर बसला, मी दाराआड उभी. इतक्या वर्षांनी आम्ही एका चौकटीच्या दोन बाजूंना होतो. तो म्हणाला, माग मोडून लाकूड काढून टाकू, जागा मोकळी होईल. मी म्हणाले, "आणि मी?"

"तुला पायजे तर हितं ऱ्हा. न्हायतर भावाकडं जा. तुला मी कुठं अडवलंय?"

तो वाईट बोलला नाही, तात्या. सहज बोलला. खरंच त्याला तसं वाटत होतं. आणि विचार करून बघितलं तर ते खरंही होतं. बाहेरून कडी कुणीच घातली नव्हती. त्यानं नाही, तुम्ही नाही. कुणी अडवलं असतं तर मी भांडले असते, ओरडले असते, एखाद्या दिवशी पळूनही गेले असते.  शेवटी मी म्हणाले, "माग मोडायचा नाही." एवढंच. तो बरं म्हणाला, विडी पेटवली आणि यष्टी गाठायला निघून गेला.

आज दवाखान्यात जायला निघाले आणि आळीच्या तोंडाशी येऊन थांबले. एका हाताला दवाखाना, दुसऱ्या हाताला यष्टीचा थांबा. कुठंही गेले तरी कुणाची ना नव्हती, आणि म्हणूनच पाय उचलेना. येणारेजाणारे बघत होते. मी उन्हात तशीच उभी होते. मग दवाखान्याच्या दारातून कुणीतरी हाक मारली, पेशंट आलाय म्हणून, आणि मी गेले.

हाक आली म्हणून गेलीस की तुला जायचं होतं म्हणून गेलीस, असं तुम्ही विचाराल. विचारा, तात्या. एकदा विचारून बघा. आता मी उत्तर देईन.